रहीमभाऊची अमानत

आमच्या नागभीडला जानेवारीत रहीमभाऊची कोणी विचारपूस करत नाही. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर माझी पीठगिरणी आहे, तिला लागून त्याचं पत्र्याचं दुकान आणि दुकानाच्या मागच्या दाराला जोडून त्याचं घर. थंडीत तो धान ठेवायच्या कोठ्या ठोकतो, कोणाची मोडकी पेटी सांधून देतो आणि दिवसभर ठाकठूक करून माझं डोकं उठवतो. होळी झाली की मात्र त्याचा भाव वधारतो. वर्षभर मान वळवून जाणारी माणसं दुकानापुढे उभी राहून "रहीमभाऊ, आमच्या कूलरचं जरा पाहा ना" करायला लागतात. आमच्याकडचा उन्हाळा ज्याने एकदा काढलाय, तो या लोकांना हसणार नाही.

पत्रा कापण्यापासून पंखा बसवण्यापर्यंत सगळं काम तो एकटा करतो. अभिमान मात्र त्याला ताट्यांचा. कूलरच्या तिन्ही बाजूंना ज्या ओल्या ताट्या लागतात त्यांत बाकीचे लोक लाकडाचा कीस कोंबून मोकळे होतात. रहीमभाऊ वाळा भरतो. मुळ्या हाताने उकलून, पातळ थर देऊन, वरून जाळी शिवून. त्याने बनवलेला कूलर सुरू झाला की अर्धी गल्ली वासाने सांगते कोणाच्या घरी नवीन ताट्या आल्या.

अशा माणसाबद्दल लिहावं असं त्याने आयुष्यात काही केलेलं नाही. एक कुत्रा सांभाळायला घेतला होता, तोही धड सांभाळता आला नाही, असं तो स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. मला ते ऐकवत नाही, म्हणून मी हे लिहायला बसले आहे. मुळात मला कुत्र्यांचं काडीचं प्रेम नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

रेल्वेची छोटी लाईन मोठी करायचं काम सुरू झालं तेव्हा कुठल्याशा कंपनीचा एक इंजिनियर इथे राहायला आला. पुण्याकडचा, तिशीतला, बोलायला गोड. त्याच्या खोलीत एसी होता आणि बाकीच्या घरात रहीमभाऊने बसवलेला कूलर. सोबत एक कुत्रा होता. राखाडी पाठ, पांढरं पोट, ताठ कान, पाठीवर वळून पडलेली झुबकेदार शेपटी आणि निळे डोळे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पायली टाकून आत पळाले होते, मला वाटलं लांडगाच आला. हस्की म्हणतात म्हणे त्या जातीला. बर्फावरच्या गाड्या ओढणारी जात, आणि आणून बांधली कुठे, तर नागभीडला. इंजिनियरने त्याचं नाव स्नो ठेवलं होतं. आमच्या गल्लीने दोन दिवसांत त्याचा सोनू करून टाकला.

जानेवारीत इंजिनियरची बदली झाली. सामानाचा ट्रक भरून झाल्यावर तो सोनूला घेऊन रहीमभाऊच्या दुकानात आला. "चाचा, आठ-पंधरा दिवस सांभाळाल का याला? तिकडे घर मिळालं की मी गाडी घेऊन येतो." रहीमभाऊने आयुष्यात कधी कोंबडी पाळली नव्हती. तरी तो हो म्हणाला. का हो म्हणालास, असं मी विचारलं तर म्हणाला, "माणूस इश्वासानं देऊन राह्यला, त्याले नाई कसं म्हणू, बाई? अमानत आहे. आला का देऊन टाकू."

घरात त्याची बायको नूरीभाभी होती. तिचं म्हणणं सरळ होतं. जिथे कुत्रा असतो तिथे फरिश्ते येत नाहीत, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती, आणि समोरच्या खोलीत तिची नमाजाची चटई असायची. कुत्र्याची लाळ लागली तर सगळं धुवावं लागणार, ते वेगळंच. तिने दुकान आणि घर यांच्यामधल्या उंबरठ्यावर बोट ठेवून सांगितलं, "याच्या इकडं नाई." रहीमभाऊने ते मानलं. दुकानात नेसायची लुंगी वेगळी केली. नमाजाची वेळ झाली की तो मागच्या मोरीवर हातपाय खसखसून धुवायचा, कपडे बदलायचा आणि मगच आत जायचा. सोनूने उंबरठ्यावर पंजा ठेवला रे ठेवला की नूरीभाभी झाडू आपटायची आणि "हट" म्हणायची. मारलं तिने कधीच नाही. तिच्या आवाजातच जरब आहे, तिचा नवरासुद्धा दचकतो.

सोनूबद्दल काय सांगावं? मी त्याला सरकारी कुत्रा म्हणायचे. बोलावलं की मान फिरवायचा, स्वतःच्या वेळेला यायचा आणि आला तरी काही करायचा नाही. कोणाच्या पायात घोटाळणं नाही, शेपूट हलवणं नाही, खाऊसाठी लाळ गाळणं नाही. रहीमभाऊ भाताचं ताट ठेवून समोर बसला तर तो खायचाच नाही. पाठ केली की चाटूनपुसून साफ. मांजरीसारखा स्वतःचं अंग साफ करत बसायचा, पण रहीमभाऊच्या हाताला त्याने कधी जीभ लावली नाही. नूरीभाभी म्हणाली, बरंच आहे, धुणं वाचलं. रहीमभाऊ तेव्हा हसला. पुढे एकदा मला म्हणाला, "एवढा बी का परका समजते मले?"

भुंकणं त्याला ठाऊक नव्हतं. गोंदियाकडची गाडी शिट्टी देत स्टेशनात शिरली की हा मान वर करून लांबलचक सूर काढायचा. गल्लीतल्या बायकांनी अपशकुन म्हणून मला साकडं घातलं, कारण रहीमभाऊला बोलायची कोणाची हिंमत नव्हती. उन्हाळा तोंडावर होता. फाल्गुनात त्याचे केस झडायला लागले आणि उडून थेट माझ्या गिरणीत. गव्हाच्या पिठात पांढरे केस पाहून एक गिऱ्हाईक मला बोलून गेलं. त्या दिवशी मी रहीमभाऊशी असं भांडले की मधली भिंत हलली असेल. तो मुकाट्याने आला, पोतं घेऊन जमिनीवर बसला आणि गिरणीचा कोपरा न् कोपरा पुसून गेला.

त्याआधी एकदा सोनू पळाला होता. पत्र्याच्या फाटकाखाली माती उकरून गेला. आमच्याकडे गावाबाहेर कुत्रं गेलं की लोक वाट बघत नाहीत, बिबट्याने नेलं म्हणून विषय संपवतात. रहीमभाऊने दुकान बंद केलं आणि धानाच्या बांधाबांधाने शोधत फिरला. सापडला तो मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या काठावर, गळ्यापर्यंत चिखलात बसलेला. हाका मारून रहीमभाऊचा घसा बसला, पण सोनूने बघितलंसुद्धा नाही. शेवटी रहीमभाऊही तलावाच्या पाळीवर, बांधावर बसून राहिला. सोनूचं मन भरलं तेव्हा तो उठला, अंग झाडलं आणि याच्या पुढे चालत घरी आला. तेव्हापासून रोज पहाटे फजरची नमाज झाली की रहीमभाऊ त्याला तलावावर न्यायला लागला. दोघे चालायचे, पण एकमेकांशी ओळख नसल्यासारखे. मला गंमत वाटायची. त्या माणसाला मात्र सोनूचा लळा लागला होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

इंजिनियरचं म्हणाल तर आधी तो फोन उचलायचा. या रविवारी येतो, पुढच्या रविवारी येतो, इथे जरा गडबड आहे. मग वाजून वाजून बंद व्हायला लागला. मार्च संपता संपता नंबरच लागेना. रहीमभाऊ तरी रोज जेवण झालं की एकदा लावून बघायचा. "सायटीवर रेंज नसंन," म्हणायचा.

एप्रिल लागला आणि सोनू दुपारी जीभ बाहेर काढून नुसता पडून राहायला लागला. एक दिवस रहीमभाऊ त्याला घेऊन बँकेच्या एटीएमच्या खोलीत जाऊन बसला, कारण गावात फुकटचं थंड तेवढं एकच. चौकीदाराने अर्ध्या तासात दोघांना बाहेर काढलं. लोक हसले. मीही हसले, आणि घरी येऊन नागपूरला माझ्या भाचीला, नीलिमाला, फोन केला. ती आणि तिच्या मैत्रिणी असे टाकून दिलेले बाहेरच्या जातीचे कुत्रे सांभाळतात. एसीची मोठी खोली आहे, डॉक्टर येतो, सगळं आहे.

नीलिमा दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन हजर झाली. तिने सोनूच्या हिरड्या पाहिल्या, केसांत बोटं घालून पाहिलं. "काका, याचे केस कापू नका हं. केस म्हणजे याचं छप्पर आहे, ऊन तेच अडवतं. पण नुसत्या केसांवर हा इथला उन्हाळा काढणार नाही. मी घेऊन जाते."

रहीमभाऊने सोनूच्या पट्ट्यावर हात ठेवला. "पोरी, तू चांगलं सांगून राह्यली. पण हा माहा नाई न. ज्याचा आहे त्याले विचारल्याबिगर कसा देऊ?"

"तो परत येणार नाही, काका."

"तुले कसं मालूम?"

"माझ्याकडे जेवढे आहेत, त्या सगळ्यांचे मालक आठ दिवसांत येणार होते."

रहीमभाऊने पट्टा आणखी घट्ट धरला. मग म्हणाला, "उद्या तो आला, म्हणला चाचा, माहा कुत्रा कुठी आहे, तं मी का सांगू? अमानत दुसऱ्याच्या हातात देली म्हणून सांगू? थ्या तोंडानं नमाज कशी पढू?" तिच्यासमोर त्याने इंजिनियरला फोन लावला. लागला नाही. नीलिमा रिकामी गाडी घेऊन परत गेली. मी त्याला नको नको ते बोलले. तुझं इमान त्या मुक्या जनावराच्या काय कामाचं, असंही बोलले. तो एवढंच म्हणाला, "उन्हाळा काढून देतो न बाई मी याले. कूलर बनवतो मी. दुसरं का येते मले?"

आणि त्याने जे बनवलं तसं पुन्हा त्याच्या हातून होणार नाही. दुकानाचा मागचा कोपरा पत्र्याने बंद करून त्याने सोनूची खोली केली. तिला माणसाच्या उंचीचा कूलर लावला, तिन्ही बाजूंना दुहेरी वाळा. गावातली कामं तुंबून राहिली आणि लोकांच्या शिव्या सुरू झाल्या, पण त्याचं लक्ष नव्हतं. नीलिमाचं एक वाक्य त्याने पक्कं धरलं होतं, केस कापायचे नाहीत. त्याच्यापुढे त्याने स्वतःचं डोकं चालवलं. कूलरमध्ये ताटीच्या वर एक भोकं पाडलेली नळी असते. तिच्यातून पाणी ठिबकत राहतं, ताटी ओली राहते आणि आतून जाणारी हवा गार होते. रहीमभाऊने तशीच एक नळी सोनूच्या जागेवर आडवी बसवली. "ह्याचे केस म्हणजे वाळाच समजा, बाई. ओले ठेवा न हवा सोडा. आत गारेगार."

मला ते पटलं. पटणारच. आमच्या गल्लीत कोणालाही पटलं असतं. आम्ही सगळे जन्मभर ओल्या ताटीच्या मागे झोपलेली माणसं.

आणि सोनूलाही ते आवडलं. जो कुत्रा कोणी बोलावल्याने कधी आला नाही, तो पंप सुरू झाल्याचा आवाज आला की उठून नळीखाली जाऊन उभा राहायचा. डोळे मिटून घ्यायचा. मे महिन्यात शेजारच्या ब्रह्मपुरीचा पारा पेपरात पहिल्या पानावर छापून यायला लागला, रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटायला लागलं, आणि सोनू मात्र आपल्या पत्र्याच्या खोलीत ठिबकत उभा. रहीमभाऊ तासातासाला टाकीत पाणी ओतायचा. लाईट गेली की डबड्याने त्याच्या पाठीवर पाणी घालायचा आणि पुठ्ठ्याने वारा. नवतपा म्हणजे मे अखेरचे नऊ जळते दिवस, तेही आले आणि गेले. गावात तीन माणसं उन्हाने गेली, पण सोनू जिवंत राहिला. आधी हसलेले लोक आता पोराबाळांना घेऊन त्याला बघायला यायचे. रहीमभाऊ दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायचा आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने सुपारी कातरायचा. एवढा खूश मी त्याला त्याच्या पोरीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मग ढग आले. पाऊस नाही, नुसते ढग. आमच्याकडे हे दिवस उन्हापेक्षा वाईट. हवा दमट झाली की कूलर थंड करत नाही, अंगाला चिकट ओलावा लावत राहतो. रहीमभाऊ दरवर्षी प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो, आता पाणी बंद करा, नुसता पंखा चालवा. त्याही वर्षी मला सांगून गेला. सोनू मात्र पुन्हा धापा टाकायला लागला होता, आणि तो जितका धापा टाकेल तितकं रहीमभाऊ नळीचं पाणी वाढवत गेला. जीव घाबरला की माणसाला स्वतःचंच शहाणपण आठवत नाही.

एक दिवस दळण घेऊन आलेल्या बाईने नाकाला पदर लावला. वास मलाही येत होता. मी रहीमभाऊला विचारलं. तो म्हणाला वाळ्याचा असेल. मला वाळ्याचा वास कळत नाही का? मी सरळ जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून आणलं.

डॉक्टरांनी सोनूच्या पाठीवरचे केस दोन्ही हातांनी बाजूला केले. वरून पांढरेशुभ्र दिसणारे केस खाली चिखलासारखे चिकटून बसले होते, आणि त्यांच्याखाली कातडी लालभडक, जागोजागी सडलेली. सोनू गुरगुरला, पण उठला नाही. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं की या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतला थर लोकरीसारखा. तो एकदा भिजला की वाळत नाही. कोरड्या हवेत चाललं, दमट हवेत त्याचं ओलं घोंगडं झालं आणि अंगातली गरमी आतच कोंडली. पाणी पोटाला आणि पंज्यांना लावायचं होतं, पाठ कोरडी ठेवून. त्यांनी मलम दिलं, सुई दिली आणि म्हणाले, आता एसी हवा.

डॉक्टर गेल्यावर रहीमभाऊने पक्कड घेतली आणि ती नळी उपटून काढली. मग तिथेच ओल्या जमिनीवर बसला.

"बाई, वाळा बी सडते," म्हणाला. "रात्रंदिवस पाण्यात ठेवला तं वाळा बी सडते. मी लोकायले सांगतो, दुपारी घंटाभर सुकू द्या. ह्याले मी घंटाभर बी सुकू नाई देलं." थोड्या वेळाने म्हणाला, "नीलिमाले फोन लावा. म्हणा घेऊन जाय. अमानतीचं जे होईन ते होईन, मी अल्लाले जबाब देईन."

मी फोन लावला. नीलिमाची गाडी एका कुत्र्याला आणायला अकोल्याकडे गेली होती. परवा सकाळी नक्की येते, म्हणाली. तोवर कोरडा ठेवा, गार फरशीवर ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ आलं. पाऊस नावापुरता पडला, पण झाडं पडली, तारा तुटल्या आणि लाईट गेली ती गेलीच. मग ऊन पडलं. ओल्या जमिनीतून वाफ निघायला लागली. पत्र्याच्या दुकानात माणसाला उभं राहवत नव्हतं. सोनू कोपऱ्यात मान टाकून पडला होता आणि त्याच्या बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. रहीमभाऊ त्याच्या पोटाला ओलं फडकं लावत होता. मी गिरणी बंद करून तिथेच थांबले होते.

तेव्हा मागचं दार उघडलं. नूरीभाभी उभी होती. तिने नमाजाची चटई गुंडाळून कपाटावर ठेवली होती, समोरच्या खोलीतली खाट बाहेर काढली होती आणि फरशी पुसून घेतली होती. "आणा त्याले आत," ती म्हणाली. "फरशी थंडी आहे. मी मंग धुवून घेईन."

रहीमभाऊ तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने सोनूला उठवलं. सोनू कसाबसा उभा राहिला, चार पावलं चालला आणि उंबरठ्यापाशी येऊन थांबला. आतून गारवा येत होता, तो आम्हालाही लागत होता. सोनूने उंबरठा हुंगला. मान वर करून नूरीभाभीकडे पाहिलं. आणि मागे सरला.

"ये," नूरीभाभी म्हणाली. तिने स्वतः खाली वाकून हात पुढे केला. "ये, बेटा. काई नाई म्हणत मी."

तो आणखी मागे सरला. आयुष्यभर कोणाचं एक अक्षर न ऐकलेला तो कुत्रा. बैस म्हटलं तर बसला नाही, ये म्हटलं तर आला नाही, आणि एवढी एकच गोष्ट तो शिकला होता, की या दारातून आत जायचं नाही. ती मात्र पक्की शिकला होता. रहीमभाऊने त्याला उचलायला हात घातला तर तो अंग ताठ करून सुटला आणि परत आपल्या तापलेल्या कोपऱ्यात जाऊन पडला. नूरीभाभी दाराला धरून खाली बसली.

काही वेळाने त्याच्यात सुटायची ताकद राहिली नाही. मग मी आणि रहीमभाऊने त्याला चादरीवर घेतलं आणि आत फरशीवर ठेवलं. नूरीभाभीने त्याच्या पंज्यांना पाणी लावलं, उघड्या हाताने. एकदा वाटलं धाप कमी होतेय. त्याने डोळे उघडले, कुठे आहे ते पाहिलं, आणि पुढचे दोन पाय ताणून दाराकडे सरकायला लागला. रहीमभाऊ म्हणाला, "पडून राय रे, राजा." पण तो ऐकणाऱ्यातला नव्हता. तो तसाच सरकत उंबरठ्यापर्यंत गेला आणि तोंड बाहेर टाकून पडला. तिथेच गेला.

सकाळी नीलिमाची गाडी आली तेव्हा रहीमभाऊ तलावाच्या पाळीवरून कुदळ खांद्यावर घेऊन परत येत होता. तिने त्याच्या खांद्यावरची कुदळ उतरवून घेतली. मला वाटतं तिने असे पुष्कळ पाहिले असतील. मी मात्र त्या दिवशी रडले, आणि कुत्र्यासाठी रडले याची मला लाज वाटली नाही.

त्यानंतर नूरीभाभीने दोन-तीनदा मला विचारलं, "साधनाबाई, मी त्याले तवा हाकललं नसतं तं?" मी दर वेळी म्हणाले, तो तसाही आला नसता, त्याची जातच तशी. तिला ते पटत नाही आणि मलाही पटत नाही. रहीमभाऊ कोठ्या ठोकत राहिला. इंजिनियरचा नंबर तो अजूनही लावायचा. आता त्याला माफी मागायची होती. काय बोलायचं ते त्याने ठरवून ठेवलं होतं, मला दोनदा म्हणूनही दाखवलं होतं.

यंदा फेब्रुवारीत एका दुपारी त्याचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. त्याचे हात पत्र्याच्या तेलाने भरलेले, म्हणून त्याने मला हाक मारून फोन स्पीकरवर टाकायला सांगितला.

"चाचा, ओळखलंत का? मी इंजिनियर, ज्याच्याकडे तुम्ही कूलर बसवला होता तो." आवाज तसाच गोड. "आता राजुऱ्याकडे साईट लागलीय. कामगारांसाठी कूलर हवेत, पंधरा-वीस. म्हटलं नागभीडच्या चाचांसारखा कूलर कोणी बनवत नाही."

रहीमभाऊ उभा राहिला. लुंगीला हात पुसले. "साहेब," तो म्हणाला, "आधी एक सांगतो. तुमची अमानत माह्याच्यानं सांभाळली नाई गेली. सोनू गेला, साहेब. माह्याच चुकीनं गेला. मले माफ करा."

पलीकडून विचारलं, "कोण सोनू?" मग, "अच्छा, स्नो! अहो चाचा, एवढं काय मनाला लावून घेताय? मी तर समजत होतो तुम्ही तेव्हाच कोणाला तरी देऊन टाकला असेल. मला तरी कुठे ठेवता येणार होता तो? बरं, ते कूलरचं सांगा."

"कूलर मी आता नाई बनवत, साहेब," रहीमभाऊ म्हणाला. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्याने मला खूण केली, मी फोन बंद केला.

तो खाली बसला. हातोडा उचलला आणि परत ठेवला. त्याच्या मागे सोनूचा तो भला मोठा कूलर अजून तसाच उभा आहे, ताट्या वाळून गेलेला.

"म्हणजे बाई, तो माहाच होता," तो म्हणाला. "थ्या जानेवारीपासून माहाच होता. मले नीलिमाले देता आला असता."

मला रडू आवरेना. ते त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी माझ्या दुकानात गेले आणि दळायला काही नसताना गिरणी सुरू केली.